राजाचा गळ, भोयाचं जाळं आणि येलदरीचं पाणी

परभणी आणि मासेमारी हे दोन शब्द मी एका दमात म्हटले की मित्र हसतात. समुद्र कुठं, आपण कुठं! पण गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या आपल्याच जिल्ह्यातनं वाहतात, आणि काठावरून मासे धरायची आपल्या भागातली गोष्ट तब्बल नऊशे वर्षं मागं जाते.

सुरुवात एका राजापासून. बाराव्या शतकात आपला मुलूख कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे, चक्क गळ टाकून मासे धरण्यावर! खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय चारायचं, दोरी कशी हवी, हे सगळं त्यात सांगितलंय. इंग्रजीतलं या छंदावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आयझॅक वॉल्टनचं, ते आलं १६५३ साली. म्हणजे आपला राजा पाचशे वर्षं पुढे!

पण नाव बघा: ‘विनोद’. राजासाठी ही करमणूक होती. नदीकाठच्या भोई समाजासाठी तेच पोटाचं काम. पालखी वाहायची, नाव चालवायची, जाळं टाकायचं. नदीला ठेका नव्हता, टेंडर नव्हतं. मासा कुठल्या डोहात बसतो, पहिल्या पुरात कुठं चढतो, हे ज्ञान बापाकडून पोराकडे जायचं. ते कुणी ग्रंथात लिहिलं नाही.

मग धरण आलं. जिंतूर तालुक्यात पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. शेताला पाणी मिळालं, वीज मिळाली. पण वाहती नदी मागच्या बाजूला थांबलं पाणी झाली, आणि डोहांचं ते जुनं ज्ञान पाण्याखाली गेलं.

थांबलेल्या पाण्यात आणखी एक अडचण होती. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यातल्या वाहत्या पुरात अंडी देतात, साठलेल्या पाण्यात सहसा नाही. यावर तोड निघाली ती ओडिशात. १० जुलै १९५७ रोजी अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली. म्हणून आजही १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आता बीज केंद्रात तयार करता येऊ लागलं, धरणात सोडता येऊ लागलं. मूळचे गंगेच्या खोऱ्यातले हे मासे मराठवाड्याच्या बाजारात रोजचे झाले, ते असे.

आणि इथंच खरा प्रश्न सुरू होतो. बीज विकत घेऊन सोडायचं, तर मासा कुणाचा? म्हणून तलाव ठेक्यानं द्यायची पद्धत आली, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आल्या. कालपर्यंत काठावर जन्मलेल्याचा असलेला हक्क आता सभासदत्व आणि पावती यांच्यावर आला. संस्था नीट चालली तर भोयाच्या घरात चार पैसे येतात. ठेका भलत्याच्या हातात गेला, तर तोच भोई स्वतःच्या काठावर मजूर होतो.

वर दुष्काळ आहेच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मराठवाड्यातली कित्येक धरणं तळाला टेकली होती. पिकाच्या नुकसानीची चर्चा गावोगाव होते. पण आटलेल्या तलावात ज्याचं बीज गेलं, त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

राजाचा विनोद नऊशे वर्षं टिकला, कारण तो लिहिला गेला. तुमच्या गावात जाळं विणणारे कुणी आजोबा, काका, मावशी असतील, तर मोबाईल काढा आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. माशांची गावातली नावं विचारा, डोहांची नावं विचारा. डोह बुडाले, निदान त्यांची नावं तरी राहू द्या. भेटू पुढच्या भागात!