शंकरपट : नांगराच्या बैलापासून सेकंदाच्या बैलापर्यंत

उदरनिर्वाहाचे साधन खेळाचे साधन बनले म्हणजे त्या साधनाचे काय होते, आणि ते वापरणाऱ्या माणसाचे काय होते, या विषयाकडे आपल्या इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. राजे आणि लढाया यांच्या मानाने तो क्षुद्र वाटतो हे खरे. परंतु समाजाची घडी बदलू लागली की तिची खूण पुष्कळदा प्रथम त्याच्या खेळात उमटते. आमच्या झाडीपट्टीतील शंकरपटाविषयी लिहिण्यापूर्वी एक परदेशी उदाहरण घेतो. ते फार दूरचे आहे, पण उपयोगी आहे.

नॉर्वेतील शेतकरी पायांस लांब लाकडी फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाई, तो मौजेखातर नव्हे. हिवाळ्यात वाटा बुजून जात. शिकारीस किंवा शेजारच्या खोऱ्यात जाण्यास दुसरा उपाय नसे. या फळ्यांस तिकडे स्की म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नॉरहाइम नावाच्या एका गरीब कुळाने पिळलेल्या काटक्यांचा बंध टाचेमागून घेऊन फळी पायाशी घट्ट केली व तिची कंबर थोडी बारीक केली. त्यामुळे उडी मारणे आणि वळणे सुलभ झाले. १८९६ मध्ये ऑस्ट्रियातील माथियास झदार्स्की याने डोंगरउतारावर वळण्याची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. १९२६ च्या सुमारास फळीच्या कडांस पोलादी पट्टी आली, आणि १९५० च्या आगेमागे विमानविद्येतला एक अमेरिकन अभियंता, हॉवर्ड हेड, याने धातूची फळी बाजारात आणली. मग काचतंतू, प्लास्टिकचे जोडे, डोंगरावर ओढून नेणारे यांत्रिक पाळणे. फळी सुधारत गेली, आणि ती वापरणारा शेतकरी मात्र मागे पडून तिकीट काढून येणारा प्रवासी पुढे आला. नॉरहाइम स्वतः अमेरिकेस गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटाच्या सपाट माळरानावर वारला. ज्याने उतारावरची कला घडविली त्याचा शेवट जिथे उतारच नाही अशा मुलखात व्हावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

कुरखेड्यास बर्फाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. बर्फ नाही, पण हिवाळा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत कुरखेडा चंद्रपूर जिल्ह्यात होते, नंतर ते नव्या गडचिरोली जिल्ह्यात आले. धान कापून, मळून घरात आले की येथील शेतकऱ्यास उसंत मिळते, आणि त्याच दिवसांत शंकरपट भरतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. शंकराचे वाहन नंदी, म्हणून हे नाव, असे लोक सांगतात.

पुणे जिल्ह्यातल्या बैलगाड्याहून हा प्रकार वेगळा आहे. तिकडे घाटाच्या चढावर गाडी सुटते, पुढे घोडी धावते आणि गाडीवर माणूस नसतो. आमच्याकडे सपाट जमिनीवर बंडी पळते आणि तिच्यावर धुरकरी असतो. धुरकरी म्हणजे बंडी हाकणारा. एरवी तोच माणूस त्याच जोडीने बाजारहाट करी, लग्नाचे वऱ्हाड नेई आणि शेणखत शेतात टाकी. पट ही त्याच्या नित्याच्या कामाचीच एक सणासुदीची आवृत्ती होती.

त्या जुन्या बंडीविषयी चार शब्द लिहिणे जरूर आहे, कारण ती आता पाहावयास मिळणे कठीण होत चालले आहे. जंगल हाताशी होते आणि निस्तारहक्काने शेतकऱ्यास शेतीच्या कामापुरते लाकूड मिळे. प्रत्येक अवयवास वेगळे झाड लागे. आस धावड्याचा; या झाडास इंग्रजांनी आसाचे झाड अशाच अर्थाचे नाव ठेविले, त्यावरून त्याची चिवटाई ध्यानात यावी. दांड्यांस तिवस, तुंब्यास बाभूळ, बाकीच्या सांगाड्यास साग. सुताराने आरे बसवावे, लोहाराने लोखंडी धाव लाल तापवून चाकावर चढवावी आणि पाणी ओतावे. धाव आकसून सारे चाक आवळून धरी. अशी बंडी भक्कम असे, पण जड असे आणि वंगण घातले तरी कुरकुरे. तिला जोरात पळवावयाचे म्हणजे बैलाच्या अंगात खरेच बळ हवे, आणि ते बळ वर्षभराच्या नांगरटीने आलेले असे. नागपूर-वर्ध्याकडील गवळाऊ जातीचे बैल चालीस तेज म्हणून प्रसिद्ध आहेत. मराठ्यांच्या काळी जलद वाहतुकीसाठी ही जात जोपासली गेली, असा परंपरागत समज आहे. आमच्याकडचे गावरान बैल त्या मानाने लहान, चिखलाला सरावलेले. त्यांची आता काठाणी या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे.

पट दिवसा आणि नाटक रात्री, हा येथला क्रम. पटास आलेले पाहुणे रात्री कोठे जाणार? गावोगावी रंगमंच उभे राहिले, आणि देसाईगंज-वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र झाले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांस २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेबद्दल. या रंगभूमीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पटावर तितके नाही. विद्वानास नाटक परवडते, शेणाचा वास परवडत नाही.

बदल झाला तो दोन वाटांनी. पहिला बंडीत. प्रवासास बस आली, मालास ट्रॅक्टर आला, आणि बंडीचे रोजचे काम सुटले. मग तिला मजबूत असण्याचे कारण उरले नाही; फक्त हलके असणे पुरे. शर्यतीचा छकडा म्हणजे आज एक नुसता सांगाडा असतो: धुरकऱ्यास कसेबसे टेकता येईल एवढी जागा, आणि खाली छऱ्यांवर फिरणारी लहान चाके. त्यात धानाचे एक पोतेही नेता यावयाचे नाही. दुसरा बदल घड्याळाचा, आणि आमच्या मते तोच अधिक खोल आहे. पूर्वी दोन जोड्या शेजारी शेजारी सुटत. जी पुढे जाई ती जिंकली, हे पंचांइतकेच प्रेक्षकांसही दिसे. पुढे सेकंद मोजणारे घड्याळ आले, आणि एकेकट्या जोडीची वेळ घेऊन निकाल लागू लागला. जोडीजोडीच्या झुंजी अजूनही होतात, परंतु सेकंदांच्या पटाने एक नवीच गोष्ट केली. बैल आता शेजाऱ्याच्या बैलाशी लढत नाही, एका आकड्याशी लढतो. आणि आकडा गावोगाव नेता येतो. अमुक जोडीने अमुक गावी इतके सेकंद घेतले, ही कीर्ती बैलाच्या किमतीत उतरते. म्हणून पटाचा बैल वेगळा पाळला जातो, खुराक वेगळा, आणि मोटारीत घालून या पटाहून त्या पटास नेला जातो. नांगराशी त्याची ओळखही नसते. नांगराच्या बैलाचा धनी काठावर उभा राहून टाळ्या वाजवितो.

येथपर्यंत आमची कथा नॉर्वेच्या कथेसारखीच आहे. भेद पुढे आहे. स्की निर्जीव. तिला धातूची करा, कंबर कितीही कातरा, ती तक्रार करीत नाही. आमच्या पटाच्या साहित्यातील अर्धा भाग जिवंत आहे. छकडा हलका करण्यास मर्यादा आहे. ती गाठल्यावर सुधारावयाचे उरते ते बैलाचे अंग. मग शेपटी पिरगाळणे आले, चाबूक आला, पराणीची आर आली. (पराणीस आमच्याकडे तुतारी म्हणतात, पश्चिमेकडील वाचकाने रणवाद्य समजू नये.) विजेचे झटके व उत्तेजक औषधे यांच्याही तक्रारी महाराष्ट्रात होऊ लागल्या. परंपरेच्या नावाने जे चालले होते त्यातले हे काही परंपरेतले नव्हते.

कायदा आला तो यामुळे. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलवर्गाचा समावेश केला, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा सुधारला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती अडविल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरविले. मधली साडेसात वर्षे म्हणजे बैलाचे उमेदीचे जवळजवळ सारे वय. या काळात नाटके चालूच राहिली. पटाचे मैदान तेवढे ओस पडले. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरहून अधिक नसावी, काठी-चाबूक वापरू नये, असे नियम आहेत.

२०१४ च्या निकालाने गावाचे मन दुखावले हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही बैलाच्या वेदनेचा प्रश्न न्यायालयाने विचारला तो योग्यच विचारला असे आम्ही मानतो. गावाने तो स्वतः आधी विचारावयास हवा होता. २०२३ च्या निकालाने पट वाचला, पण बैल वाचविणे न्यायालयाच्या हाती नाही. रोवणीपूर्वीची चिखलणी आज ट्रॅक्टर करितो. गोठ्यात जोडी ठेवणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही, आणि नवीन पोराला जू कसे ठेवावे हे शिकविण्याचा प्रसंगच येत नाही.

स्कीच्या इतिहासात याचे एक उत्तर सापडते. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कोलोरॅडोतील काही तरुणांनी जड, टाच जखडणारे साहित्य टाकून टेलेमार्कची मोकळ्या टाचेची जुनी रीत पुन्हा उचलली, आणि ती आजही टिकून आहे. आमच्याकडे प्रत्येक पटात एक निराळा गट ठेवणे अशक्य नाही: त्या हंगामात चिखलणी केलेले गावचे बैल, आणि लोखंडी धावेची शेताची बंडी. घोड्यांच्या शर्यतीत स्वारासह खोगिराचे वजन होते. पटात जोडी सुटण्यापूर्वी बंडीचे वजन पंचांनी करावे. छकडेवाले कुरकुर करतील. पण गावच्या सुतारास दोन चाके करण्याचे काम त्यातून मिळेल, आणि धावड्याचा आस घडविणारे काही हात अद्याप या तालुक्यात आहेत.