बौद्धिक अक्षमता, मातृभाषा आणि कॉलेजचं दार

‘डॉक्टर, हा पुढे कॉलेजात जाऊ शकेल का?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. अठरावं वर्ष लागलं की शिक्षण संपलं, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. हा समज का रुजला, ते थोडक्यात पाहू.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. घरदार गमावलेल्या या समाजाने शिक्षण सोडलं नाही. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला होता. १९६५ मध्ये उल्हासनगरात सिंधी मंडळींनी चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज सुरू केलं.

याच काळात बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची. त्या शाळांनी मोठं काम केलं, पण शाळेनंतरची वाट बहुधा कार्यशाळेकडे जायची, कॉलेजकडे नाही.

अल्पसंख्याक घरातल्या मुलापुढे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे चाचणीची भाषा. घरात सिंधी बोलणाऱ्या मुलाची बुद्ध्यंक चाचणी इंग्रजीत किंवा मराठीत घेतली, तर त्याला प्रश्नच नीट कळत नाही आणि गुण कमी येतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हेच घडलं. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मंदबुद्धी ठरवलं गेलं. स्पॅनिशमध्ये पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतली बहुतेक मुलं त्या गटात बसेनात. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७० मध्ये मुलाच्या भाषेत चाचणी घ्यायचं मान्य झालं.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याने अपंगांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि ३ टक्के जागा दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत दिली. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. बौद्धिक अक्षमता त्यात येते.

प्रत्येक मूल पदवीधर होईलच असं मी म्हणणार नाही. राखीव जागा असली तरी बारावी पास व्हावंच लागतं. पण सौम्य अक्षमता असलेल्या मुलाने प्रयत्नच करू नये, हेही बरोबर नाही. स्पेनच्या पाब्लो पिनेडा यांनी डाऊन सिंड्रोम असूनही विद्यापीठाची पदवी मिळवली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालकांनी एवढं करावं:

• चाचणीच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता, ते मानसशास्त्रज्ञांना आधी सांगा.
• केवळ बुद्ध्यंकावर निदान होत नाही. मूल स्वतःचं स्वतः काय काय करतं, तेही सांगा.
• दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय पाहा.
• प्रमाणपत्र वेळेत काढा आणि कॉलेजात दिव्यांगांच्या जागांबद्दल स्वतः विचारा.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा तो पहिला प्रश्न जरूर विचारा.