ॲडमिन म्हणजे कोण?

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं फक्त भारतापुरता एक नियम केला. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. मेसेज पुढं ढकलला की त्याच्या डोक्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक पट्टी दिसायला लागली, तीही त्याच महिन्यात. पुढं जानेवारी २०१९ मध्ये पाचाचा नियम जगभर लागू झाला. आज जगात कुठंही, कुणीही एखादा व्हिडिओ एका वेळी सहाव्या ठिकाणी टाकायला गेला की फोन त्याला अडवतो. त्या अडवण्यामागं महाराष्ट्रातलं एक गाव आहे, हे आपल्यातल्या फार कमी जणांना आठवत असेल.

वऱ्हाडातून पश्चिमेला निघालं की खानदेशात धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका लागतो. तिथल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला, रविवारी, बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी तिथं आले होते. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत राज्यभर, आपल्याकडं अमरावती-अकोल्यातही, फोनाफोनांतून वाहत होते. जमावानं त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या वर्षी देशात इतर राज्यांतही अशाच अफवांनी माणसं मारली होती. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारनं कंपनीला खडसावलं, आणि महिना संपायच्या आत पाचाचा नियम आला.

पाच हा आकडा मात्र नवा नव्हता. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातले हजारो तरुण अफवांच्या एसएमएसमुळं बंगळूर, पुणे सोडून गाड्या भरभरून घरी पळाले, तेव्हा सरकारनं पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त लोकांना एसएमएस पाठवायला बंदी घातली होती. त्याआधी, सप्टेंबर २०१० मध्ये, अयोध्या प्रकरणी अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल येणार म्हणून ठोक एसएमएस बंद केले होते. म्हणजे ‘सगळ्यांना एकदम सांगणं’ ही गोष्ट धोक्याची ठरू शकते, हे आपल्याकडं स्मार्टफोनच्या आधीच कळलेलं होतं.

तेव्हा ग्रुपही होते बरं का. मुंबईतून २००७ मध्ये ‘एसएमएस गपशप’ सुरू झालं. तुम्ही एका नंबरावर एक एसएमएस टाकायचा, तो तुमच्या ग्रुपातल्या सगळ्यांना जायचा. साध्या बटणवाल्या फोनावर हे चालायचं. विनोद, शेरोशायरी, क्रिकेटचा स्कोअर असला माल त्यावर भरपूर. पण सरकारनं २०११ मध्ये जाहिरातींच्या एसएमएसला आळा घालायला माणशी रोजच्या एसएमएसवरच मर्यादा आणली, आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप आले. आधी लहान, मग शंभर जणांचा, २०१६ मध्ये २५६ चा. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा जवळपास फुकट झाला. अमरावती-अकोल्यातली माणसं ग्रुपवर आली ती खऱ्या अर्थानं तेव्हापासून.

आली ती का आली, हे नीट सांगायला हवं. ग्रुप म्हणजे ‘गुड मॉर्निंग’ची फुलं आणि अफवा, असं शहरातला शहाणा माणूस म्हणतो. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ग्रुपनं जे दिलं, ते त्याच्या पिढ्यांना मिळालेलं नव्हतं. हा मुलूख कापसाचा. १८६० च्या दशकात इथं रेल्वे आली, तिच्या रुळांसोबत तार आली. १८७० मध्ये खामगावची रेल्वे शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला होता. तेव्हापासून कापसाचा भाव तारेनं यायचा, पण तो व्यापाऱ्याच्या पेढीवर. गाडी घेऊन रात्रभर रस्त्यानं आलेल्या शेतकऱ्याला भाव कळायचा तो बाजारात पोचल्यावर, आणि तोही घेणाराच सांगणार. शंभर-दीडशे वर्षं एका बाजूला बातमी होती आणि दुसऱ्या बाजूला माल.

२०१३ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांसाठी एसएमएसची सेवा काढली. अमुक फवारा, तमुक पेरा. चांगलीच होती, पण ती दवंडीच. कोतवाल हलगी वाजवून सांगून जातो, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. ग्रुपवर मात्र वरुड-मोर्शीकडचा संत्रावाला आंबिया बहाराची फळं गळायला लागली की झाडाखालचा फोटो काढून टाकतो, आणि चार गावं पलीकडचा कुणी लिहितो, “माह्याकडंही असंच झालं होतं, भाऊ, आधी पाणी बघा.” अकोल्याच्या बाजार समितीत आज तुरीला काय भाव निघाला, हे गाडी भरायच्या आधी कळतं. तारेच्या काळात ज्याच्या हाती फक्त माल होता, त्याच्या हाती बातमीही आली. २०१६ मध्ये मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, त्याचे फोटो बरेच छापून आले. पण खरा बदल घडवला तो या बिनफोटोच्या शेतकरी ग्रुपांनी, असं माझं मत आहे.

ग्रुपला लोक ‘आजची चावडी’ म्हणतात. उपमा छान वाटते, पण चावडी सगळ्यांची कधीच नव्हती. बाई चावडीवर बसत नसे. दलितानं कुठं उभं राहायचं, हे ठरलेलं असे. ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या मेसेजला तेवढीच जागा, तोच अक्षराचा आकार. ही गोष्ट लहान नाही. चावडीत एक गोष्ट मात्र होती, जी ग्रुपात नाही. बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं आणि ऐकणाऱ्याचंही. कोण हसलं, कोण उठून गेलं, कुणाच्या कपाळावर आठी आली, हे बोलणाऱ्याला तिथंच कळायचं. आणि चावडीतलं बोलणं जसंच्या तसं उचलून दुसऱ्या गावच्या चावडीत नेऊन ठेवता येत नसे.

मग इथला मालक कोण? व्हॉट्सॲपनं एक शब्द दिला, ॲडमिन. तो शब्द गावोगाव इतका मुरला की पाहुण्यांच्या ग्रुपातही ॲडमिन कोण यावरून रुसवेफुगवे होतात. पोलिसांनाही तो सोयीचा वाटला. सण आला, मिरवणूक आली की इशारा निघतो: आक्षेपार्ह पोस्ट आली तर ॲडमिन जबाबदार. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा कित्येक ग्रुप ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ या बटणानं गप्प झाले. ॲडमिन म्हणजे नवा पोलीस पाटील, अशी एकूण समजूत होती.

ही समजूत कोर्टात तपासली गेली ती विदर्भातल्याच एका प्रकरणात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपात २०१६ मध्ये एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिननं त्याला ना काढलं, ना माफी मागायला लावली, अशी तिची तक्रार. गुन्हा दाखल झाला तो ॲडमिनवरही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आलं आणि १ मार्च २०२१ ला न्यायालयानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. तर्क सरळ होता. ॲडमिनला माणसं घेता येतात, काढता येतात, एवढाच त्याचा अधिकार. कोण काय लिहिणार, हे त्याला आधी अडवता येत नाही. दोघांचा मिळून काही कट असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा त्याला कशी देणार?

निकाल मला पटतो. नाहीतर पोराच्या वाढदिवसाला ग्रुप काढणारा माणूसही जामिनाच्या रांगेत उभा राहिला असता. पण त्या तक्रारदार बाईच्या बाजूनंही एकदा बघा. लिहिणाऱ्यावर कारवाईचा रस्ता तिला होता. ग्रुपच्या आत मात्र काय होतं? ऐकत राहायचं, नाहीतर निघून जायचं. आणि निघून जाणं तेव्हा गुपचूप होत नसे, ‘लेफ्ट’ अशी ओळ सगळ्यांसमोर उमटायची. भरल्या घरातून ताट सरकवून उठल्यासारखं. ती ओळ काढून टाकून फक्त ॲडमिनला दिसेल, अशी सोय आली ती २०२२ मध्ये. आपल्या परवानगीशिवाय आपल्याला ग्रुपात कुणीही ओढू नये, ही सोयही २०१९ पर्यंत नव्हती. आज आपण ‘सेटिंग’ म्हणून ज्या गोष्टी चाळतो, त्या खरं तर बसा-उठायचे कायदे आहेत, आणि ते विधिमंडळात नाही, कंपनीच्या कचेरीत ठरले.

सरकारच्या हाती मात्र यातलं एकही बटण नव्हतं. त्याच्याकडं होता तो फक्त मेन स्विच.

१२ नोव्हेंबर २०२१ ला त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधात अमरावतीत मोर्चा निघाला आणि दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधात बंद झाला आणि जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं आणि बंदची मुदत वाढत गेली. त्रिपुरा अमरावतीपासून हजार किलोमीटरहून दूर. तिथलं खरं-खोटं इथं येऊन पोचलं ते फोनांतून, हे उघड आहे. पण त्या बंदीत अफवेसोबत तुरीचा भावही बंद झाला, विद्यार्थ्याचा फॉर्म अडकला, पानठेल्यावरचा क्यूआर कोड नुसता कागद झाला. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात जुन्या शहर भागात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल उसळली, एक जीव गेला, आणि तिथंही इंटरनेट बंद. अशा बंदीचा आदेश जाहीर करायला हवा आणि ती गरजेपुरतीच हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं.

या दोन तारखांच्या मधलं एक प्रकरण यांच्यापेक्षा वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त भयानक. २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत दुकान बंद करून घरी निघालेल्या एका औषधविक्रेत्याचा गळ्यावर वार करून खून झाला. तपास एनआयएकडं गेला. तपास यंत्रणेचं म्हणणं असं की, त्यानं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या पोस्टवरून हा कट रचला गेला, आणि आरोपींमध्ये त्याच्या ओळखीचा, त्याच ग्रुपातला एक माणूस आहे. इथं हजारोंचा जमाव नव्हता, पाचाची मर्यादा ओलांडायची गरज नव्हती. एक ग्रुप, एक ओळखीचा माणूस, आणि एका वर्तुळातला मजकूर दुसऱ्या वर्तुळात. फॉरवर्डची कुठलीही मर्यादा याला पुरी पडत नाही.

त्याच वर्षी ग्रुप आधी ५१२ चा झाला, मग १०२४ चा. नोव्हेंबरात ग्रुपांचे ग्रुप करायची ‘कम्युनिटी’ आली. आणि ॲडमिनला एक नवं बटण मिळालं: दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायचं. माणसं घेणं आणि काढणं यापलीकडं ॲडमिनच्या हाती काही नाही, असं नागपुरात म्हटलं गेलं, त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. लिहिण्याआधी अडवणं त्याला अजूनही जमत नाही, पण लिहिल्यावर पुसणं आता जमतं.

एवढंच की मेसेज पुसला की त्याच्या जागी एक ओळ राहते आणि तो कुठल्या ॲडमिननं पुसला, त्याचं नाव तिथं दिसतं. सोसायटीच्या, भावकीच्या, गल्लीच्या ग्रुपात ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं असतं. सकाळी दूध आणायला गेल्यावर ज्याचा मेसेज पुसला, तोच समोर उभा असतो. “काहून पुसला रे भाऊ?”