ऐंशी वर्षांचें मौन

इतिहासाच्या ग्रंथांत लढायांचीं वर्णनें विपुल सांपडतात. परंतु लढाईहून परतलेल्या माणसाच्या घरांत पुढें काय घडलें, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत, कोंब डाउन या गांवीं, १७ जून १८९८ रोजीं जन्मलेल्या हॅरी पॅचचें चरित्र या दृष्टीनें फार बोलकें आहे. ‘बोलकें’ हा शब्द येथें विचित्रच वाटावा. कारण आयुष्यांतील सर्वांत दारुण प्रसंगासंबंधीं या गृहस्थानें सुमारें ऐंशी वर्षें तोंड उघडलें नाहीं.

बाप पाथरवट होता. मुलगा नळकाम शिकला. थोरला भाऊ मॉन्स येथें जखमी झालेला. त्याच्याकडून खंदकांतील हाल ऐकल्यावर हॅरीला रणांगणाची हौस उरली नव्हती. परंतु १९१६ सालीं सक्तीच्या भरतीनें त्याला गांठलें, आणि पुढील वर्षीं ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीच्या सातव्या पलटणींतून तो आघाडीवर गेला. पांच जणांच्या तुकडीकडे एक लुईस मशिनगन असे. निभावेल तोंवर कोणाचा जीव घ्यावयाचा नाहीं, गोळी पायांवर झाडावयाची, असा या पांचांचा आपसांतील करार होता. लांगेमार्कच्या हल्ल्यांत एक जर्मन शिपाई संगीन रोखून धांवत आला. पॅचनें त्याच्या खांद्यावर व मग पायांवर गोळ्या झाडल्या. जीव मात्र घेतला नाहीं.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्रीं तुकडी मागें येत असतां डोक्यावर तोफगोळा फुटला. तीन सोबती जागच्या जागीं गेले. पॅचच्या जांघेंत शिरलेला लोखंडाचा तुकडा गुंगीचें औषध न देतांच, त्याला धरून ठेवून, काढण्यांत आला.

१९१९ सालीं एडा बिलिंग्टन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. दोन मुलगे झाले, नळकामाचा धंदा पुन्हां सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धांत तो बाथ येथील अग्निशामक दलांत होता, आणि एप्रिल १९४२ मध्यें त्या शहरावर बाँब पडले तेव्हां आगी विझवीत होता. १९७६ सालीं एडा वारली. इतक्या वर्षांच्या संसारांत त्या रात्रीची हकीकत तिला त्यानें कधींच सांगितली नाहीं.

या मौनानें त्यानें रक्षण केलें तें पत्नीचें, कीं आपलेंच? बहुधा दोघांचेंही. ज्या एका जागेंत युद्धाला शिरकाव नव्हता, ती घराची जागा त्यानें हट्टानें राखली, असें म्हणतां येईल. पण जन्मभर शेजारीं राहिलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या मनाचें एक दालन अखेरपर्यंत बंदच राहिलें, हेंही तितकेंच खरें. आणि त्या बंद दारामागें युद्ध कांहीं संपलें नव्हतें. वृद्धाश्रमांत त्याच्या खोलीसमोर कपड्यांची एक खोली होती. रात्रीं तेथें कोणी दिवा लावला कीं अर्धवट झोपेंत त्याला तो गोळा फुटल्याचा झोत वाटे.

शंभरी गांठली तेव्हां, १९९८ मध्यें, बीबीसीच्या मंडळींनीं विचारल्यावर तो प्रथमच बोलूं लागला. २००४ सालीं बेल्जमांत त्याची चार्ल्स कुएन्त्सशीं गांठ पडली. हा अल्सेसचा गृहस्थ त्याच रणांगणावर जर्मन बाजूनें लढलेला, वय १०७. पॅचनें त्याला सॉमरसेटची सायडर दिली, त्यानें पॅचला आपल्याकडील बिस्किटें. नोव्हेंबरांतील सरकारी स्मृतिसमारंभ पॅचला देखावा वाटे. त्याचा स्मृतिदिन २२ सप्टेंबर हाच.

दोन्ही मुलगे त्याच्या आधींच गेले. २५ जुलै २००९ रोजीं, १११ व्या वर्षीं, तो वारला. वेल्सच्या कॅथेड्रलांत ६ ऑगस्टला अंत्यविधि झाला. शवपेटीबरोबर बेल्जम, फ्रान्स आणि जर्मनी यांचे प्रत्येकीं दोन शिपाई चालले. त्याच्या इच्छेवरून त्या दिवशीं तेथें एकही शस्त्र, मानासाठीं सुद्धां, आणूं दिलें नव्हतें.