छप्पनवरून नव्याण्णव

अप्पांची गोष्ट दोन तालुक्यांत दोन प्रकारे सांगतात. शहापूरकडची गोष्ट त्यांच्या विद्यार्थ्यांची. तिच्यात रणगाडे फार. मुरबाडकडची घरातली, तिच्यात घोंगडी आणि पोस्टमन. मी दोन्ही ऐकत वाढलो. खरी कुठली, हे अप्पांना विचारलं की ते चष्मा पुसायला घेत.

अप्पा म्हणजे माझ्या आजीचे धाकटे भाऊ. गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पलीकडे. नोकरी शहापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात, विषय इंग्रजी आणि भूगोल. 1962 च्या ऑक्टोबरात चीनची लढाई लागली तेव्हा ते भिंतीवर नकाशा टांगून पोरांना नेफा दाखवत होते. महिनाभरात नकाशावरची बोटं खाली खाली सरकली. बायकांनी संरक्षण निधीत अंगावरचं सोनं दिलं, यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि सैन्याला एकदम हजारो अधिकारी कमी पडू लागले. मग इमर्जन्सी कमिशनची जाहिरात आली. शिकलेल्या तरुणांनी यावं, सहाएक महिन्यांचं शिक्षण घ्यावं आणि खांद्यावर फीत लावून निघावं. त्यासाठी पुण्याला आणि मद्रासला शाळा उघडल्या. अप्पांनी मुख्याध्यापकांकडे राजीनामा दिला आणि मगच घरी सांगितलं.

घरी जे झालं ते समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं. मुरबाडच्या आमच्या बाजूला खाकी कपडा म्हटलं की लोकांना आधी सिद्धगड आठवे. विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या गिरण्यांचा वीजपुरवठा तोडणारे भाई कोतवाल आपल्या आझाद दस्त्यासह तिथल्या रानात राहिले होते. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे हॉल नावाच्या साहेबाच्या पोलिसांनी त्यांना गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच पडले. पुढे कितीतरी दिवस रानात लाकडाला गेलेली माणसं खाकी दिसली की वाट सोडून जाळीत शिरत. पणजोबांनी ते दिवस काढले होते. पोरगा फौजेत चाललाय म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘म्हंजे आता तू हाल्ल्याच्या बाजूचा.’’ हॉलचं हाल्ल्या त्यांनीच केलं होतं की गावाने, ते माहीत नाही. अप्पा त्यांना समजावत बसले, की फौज आता आपली, सरकार आपलं, आणि कपडा खाकी नसून हिरवा. हिरव्याचं म्हातारबांना थोडं पटलं असावं, कारण निघायच्या दिवशी ते बैलगाडी जुंपून मुरबाडच्या एसटीपर्यंत आले. बोलले मात्र बैलांशीच.

पणजीला लढाई म्हणजे बर्फ एवढंच कळलेलं. पौषातल्या म्हसाच्या यात्रेत लोक बैल आणि घोंगड्या घेतात; तिने बैलाचा विचार सोडून एक काळी घोंगडी घेतली आणि लेकाच्या ट्रंकेत कोंबली. लेकाला धाडलं मद्रासला! तिथल्या उकाड्यात ती घोंगडी सहा महिने ट्रंकेच्या तळाशी पडून होती. अप्पा सांगत, की कपड्यांच्या तपासणीला साहेबाने ती काठीने उचलली आणि हे काय म्हणून विचारलं. यांनी ताठ उभं राहून उत्तर दिलं, ‘‘मदर, सर.’’

त्यांना मिळालं रसदीचं खातं, आर्मी सर्व्हिस कोअर. म्हणजे पीठ, डाळ, पेट्रोल, दारूगोळा आणि ट्रक. शहापूरच्या गोष्टीत हे कधीच येत नाही. तिथल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, आता तेही ऐंशीच्या घरात, 1965 मध्ये गुरुजींना रणगाड्यावर चढवून ठेवलंय. खेमकरणला गुरुजींनी एक पॅटन धरून आणला, असं एकाने मला एसटी स्टँडवर चहा पाजून सांगितलं. अप्पा म्हणायचे, मी धरला नाही, मोजले. असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे नव्वदच्या वर रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. लढाई थांबल्यावर भिकीविंडजवळ ते ओळीने मांडून ठेवले होते, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणायला लागले. अप्पा तिथे हातात वही घेऊन फिरले. सवय वर्गातली, दुसरं काय!

एवढे मोठे रणगाडे फसले कसे, हे मात्र ते आम्हा पोरांना छान समजावत. आपल्या लोकांनी पाणी फोडून शेतं भिजवली होती आणि उसात तोफा दडवल्या होत्या. ‘‘आषाढात चिखलणी केलेल्या खाचरात बैलगाडी घातली तर काय होईल?’’ पोरं ओरडायची, ‘‘रुतेल!’’ ‘‘बास. गाडी पन्नास टनांच्या आसपासची होती, एवढाच फरक.’’ भातशेतीच्या मुलखाला याहून सोपा धडा कुणी दिला नसेल.

मुरबाडच्या गोष्टीत यातलं काही नाही. त्यात आहे पोस्टमन. अप्पांच्या आंतर्देशीय पत्रावर गावाचं नाव कधीच नसे, फक्त छप्पन ए.पी.ओ. लष्कराचं टपाल असंच जातं, जागा कुणाला कळू नये म्हणून. पणजीला वाटे छप्पन हे गाव आहे. आसनगाव स्टेशनात तिने एकदा तिकीटबाबूला छप्पनला कुठली गाडी जाते ते विचारलं होतं. आजी हे सांगताना दर वेळी पदर तोंडाशी नेई, पण हसू आवरायला की आणखी कशाला, ते नीट दिसत नसे. पासष्टच्या सप्टेंबरात तीन आठवडे पत्र आलं नाही. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका असं सांगितलेलं; पणजीने त्यात गुरुवारही घातला, तो आपल्या हिशेबाने.

इमर्जन्सी कमिशनवाल्यांना पुढे टप्प्याटप्प्याने घरी पाठवलं. ज्यांना गरजेला बोलावलं त्यांना गरज सरल्यावर नोकऱ्या शोधत फिरावं लागलं, हे मला आजही खटकतं. अप्पांना कायम केलं. मग बदली पूर्वेला झाली आणि पत्रावर छप्पनच्या जागी नव्याण्णव आलं. गावात पेढे वाटले गेले. छप्पनवरून नव्याण्णव, म्हणजे केवढी बढती!

1971 च्या डिसेंबरात ते सीमेच्या अलीकडे रसद लावत होते. जमालपूरला ते नव्हते, पण तिथली हकीकत त्यांच्या फार आवडीची. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसली होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कर्नल सुलतान अहमदला एका म्हाताऱ्याच्या हाती शरण येण्याबद्दल पत्र धाडलं. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. पेनावर तुमचा हात चांगला बसलाय, पुढच्या भेटीत त्या हातात स्टेनगन दिसू दे, अशा अर्थाचं. 10 तारखेच्या रात्री ती तुकडी मराठ्यांवर चालून आली आणि सकाळी रस्त्यावर दोनशेहून जास्त प्रेतं होती. अप्पा इथे थांबत. मग म्हणत, ‘‘पत्र मात्र उत्तम लिहिलं होतं. मी दहापैकी आठ दिले असते.’’ कुणी हसलं तर त्यांना ते आवडत नसे.

16 तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्र्याण्णव हजार कैदी. हा आकडा पुस्तकात वाचायला झोकदार वाटतो. अप्पांना तो ताटांच्या संख्येसारखा आठवे. त्यातल्या एका छावणीचं पीठ-डाळ त्यांच्या हिशेबात होतं, आणि सकाळच्या हजेरीला कैदी रांगेत उभे राहिले की आपल्याला वर्गच आठवायचा, असं ते सांगत. ऐन थंडीत घोंगडी पहिल्यांदा ट्रंकेबाहेर निघाली ती तिथेच. कुणाच्या अंगावर गेली ते त्यांनी सांगितलं नाही. परत मात्र आली नाही.

बहात्तरच्या ऑगस्टात सरकारने पिनकोड काढला. पोस्टमनने ओसरीवर बसून सांगितलं, आता पाठवताना मुरबाडपुढे 421401 घालायला सांगा. पणजीने आकडा पुन्हा म्हणायला लावला. मग आजीला म्हणाली, ‘‘आप्पाला लिव, म्हणावं आपलं गाव चार लाखांच्या वर गेलं. तू नव्याण्णववर काय करत बसलास?’’