साने, पांडुरंग सदाशिव (साने गुरुजी)

(२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०). मराठी कवी, कथाकार, स्वातंत्र्यसैनिक आणि स्त्रियांच्या ओव्यांचे संग्राहक. जन्म रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील पालगड येथे. वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणे खोतांचे, पण गुरुजींच्या बालपणी घरची ओढाताण सुरू झाली होती. शिक्षण दापोली, औंध आणि पुणे येथे. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाल्यावर १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक. तेथील वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढची बरीच वर्षे धुळे, त्रिचनापल्ली आणि नाशिक येथील तुरुंगांत गेली.

‘श्यामची आई’ने त्यांना घरोघर नेले, आणि त्याच पुस्तकाच्या सावलीत त्यांचे दुसरे मोठे काम झाकले गेले. ते काम म्हणजे ‘स्त्रीजीवन’ हा दोन भागांतील ओवीसंग्रह. पहाटे जात्यावर बसलेली बाई जे गाते त्याला त्या काळी ‘साहित्य’ म्हणण्याची पद्धत फारशी नव्हती. गुरुजींनी ते ऐकले, उतरवले आणि मायलेकरे, बहीणभाऊ, सासरमाहेर अशा नात्यांनुसार लावले. ओव्यांच्या आधी त्यांचे विवेचन येते. कुठल्या प्रसंगी ही ओवी सुचली असेल, तिच्यामागे कोणती चालरीत, कोणती रुखरुख आहे, हे ते घरातल्या माणसाच्या आपुलकीने सांगतात. क्वचित या विवेचनाला पाझर जास्तच फुटतो, आणि ओवी दोन ओळींत जे सांगून मोकळी होते तेच पुढे पानभर चालते.

गुरुजींचा पिंड मुळात ऐकून लिहिणाऱ्याचा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज हातात आहे. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. तिची मांडणीही रात्री बसून सांगितलेल्या गोष्टींचीच आहे. त्रिचनापल्लीला दाक्षिणात्य कैद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात या त्यांच्या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज याच सहवासातले.

कवी म्हणून त्यांचा मुख्य संग्रह ‘पत्री’ (१९३५). त्यातील देशभक्तीपर कवितांमुळे ब्रिटिश सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या. कविता सरळ, गेय, म्हणायला सोपी. शाळांच्या प्रार्थनेत तिने कायमची जागा मिळवली. मात्र कवितेपुरते बोलायचे तर जात्यावरच्या अनाम बायका गुरुजींपेक्षा काटकसरी आणि म्हणून अनेकदा सरस ठरतात. ते त्यांना स्वतःलाही अमान्य झाले नसते.

अशी अनामिकांची दोन ओळींची कविता इतर भाषांतही आहे. पश्तू स्त्रियांची ‘लंडई’ पहिल्या ओळीत नऊ आणि दुसऱ्या ओळीत तेरा अक्षरांची असते. प्रेम, विरह आणि युद्ध तिच्यात एकत्र नांदतात. अफगाण कवी व लोकसाहित्याचे अभ्यासक सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी या लंडई जमवल्या. १९८८ मध्ये पेशावर येथे त्यांची हत्या झाली. लंडईतली बाई प्रियकराला उघड टोमणा मारते. आपली ओवी बहुधा भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसते.

‘स्त्रीजीवन’ची उणीव अभ्यासकाला चटकन जाणवते. ओवीखाली गाणारीचे नाव नाही, गाव नाही, जात नाही, चाल नाही. पुढे संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गाणारणींच्या नावा-गावांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ही पोकळी किती मोठी होती ते कळले. दरम्यान सरोजिनी बाबर यांनी बायकांच्या ओव्या, खेळ आणि उखाणे यांचे संकलन मोठ्या प्रमाणावर पुढे नेले.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. रायगड जिल्ह्यातील वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे.

गिरण्या आल्या आणि जाती परसात गेली. पालगड-दापोलीपासून संगमेश्वरापर्यंत कोकणात आता जाते फिरते ते बहुतेक लग्नाची हळद दळण्यापुरते. त्या वेळी म्हाताऱ्या बायका दोन-चार ओव्या म्हणतात आणि सुना त्या मोबाइलवर टिपून घेतात.