पडद्यामागच्या तारा

मोठ्या एलईडी पडद्याचा इतिहास सहसा दिव्यांच्या अंगाने सांगतात. खरे तर प्रत्येक काळात पडद्याची मर्यादा तारांनी ठरवली. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात ६ नोव्हेंबर १९२८ रोजी, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, धावत्या बातम्यांची पट्टी सुरू झाली. तिच्यात १४,८०० दिवे होते आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वाट होती. आत धातूची अक्षरे साखळीवरून सरकत, त्यांचा संपर्क जुळला की बाहेरचा नेमका दिवा पेटे. त्यासाठी चारशे किलोमीटरहून अधिक तार लागली, आणि एवढा खटाटोप करून दिसत ती फक्त अक्षरे.

हलते चित्र आले ते छोट्या कॅथोड-रे नळ्यांच्या जोरावर. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये मित्सुबिशीचा, तर १९८५ च्या त्सुकुबा प्रदर्शनात सोनीचा सुमारे ४० बाय २५ मीटरचा पडदा उभा राहिला. हे पडदे एका जागी बसायचे. लाल एलईडी १९६२ पासून होता, मात्र पुरेसा तेजस्वी निळा मिळाला १९९३ मध्ये, जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांच्या कामातून. तोवर पूर्ण रंगीत एलईडी पडदा शक्यच नव्हता.

२५ एप्रिल १९९७ रोजी लास वेगासमध्ये यू-टू या बँडचा 'पॉपमार्ट' दौरा सुरू झाला. मागे सुमारे ५२ मीटर रुंद आणि १७ मीटर उंच एलईडी पडदा होता. ठिपके विरळ होते, कारण प्रेक्षक दूर बसणार होते. हा पडदा गावोगावी उभारायचा, उतरवायचा, पुन्हा जोडायचा. पॅनेलची मांडणी आणि केबल ओढणे हे वेगळे कसब मानले जाऊ लागले ते अशा फिरत्या पडद्यांमुळे.

आज प्रत्येक ठिपक्याला तार नसते. पॅनेलमधले रिसीव्हिंग कार्ड केबलमधून येणाऱ्या चित्राच्या प्रवाहातून आपल्या वाट्याचा चौकोन उचलते आणि उरलेले पुढच्या पॅनेलकडे सोडते. केबल रांगेतून नागमोडी किंवा स्तंभातून वरखाली फिरते. कोणते पॅनेल साखळीत कितवे, हे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावे लागते. क्रम चुकला तर वक्त्याची हनुवटी कपाळावर जाते. हे सभेत सर्वांना दिसते, तंत्रज्ञाला मात्र मागे उभे राहून कळत नाही.

साखळीची लांबी साध्या गणितावर ठरते. सेकंदाला ६० चित्रे आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट धरले, तर एक गिगाबिटची केबल सुमारे ६,५५,३६० ठिपके पेलते. अर्ध्या मीटरच्या चौरस पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ म्हणजे १६,३८४ ठिपके असतील, तर एका केबलवर बरोबर ४० पॅनेल बसतात. व्यवहारात थोडी मोकळीक ठेवतात. शेवटच्या पॅनेलपासून परतीची केबल चित्र पाठवणाऱ्या यंत्राच्या दुसऱ्या पोर्टला जोडली, तर मध्येच एखादी जोडणी निसटली तरी उलट बाजूने चित्र पोचते. तांब्याची केबल साधारण १०० मीटरपर्यंत चालते, त्यापुढे ऑप्टिकल फायबर.

विजेची साखळी निराळी असते आणि लवकर भरते. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर लाइनवर ३,६८० वॅट मिळतात. पूर्ण पांढऱ्या चित्राला एक पॅनेल २०० वॅट ओढत असेल, तर १८ पॅनेलवर हिशेब संपतो. तालमीत काळ्या पार्श्वभूमीवर सुखाने चाललेला पडदा पांढरी पाटी येताच ब्रेकर पाडतो, तो यामुळेच. थ्री-फेज पुरवठा असेल तर भार तिन्ही फेजवर वाटून देतात.

टांगायच्या पडद्यात वरची रांग आधी जोडून उचलतात, मग तिच्याखाली पुढची. केबलचा मार्ग त्या क्रमाला साजेसा आखलेला नसेल, तर जोडणीसाठी नंतर शिडी लावावी लागते. शिवाय आराखडा प्रेक्षकांच्या बाजूने काढला जातो, आणि तारा मागून जोडतात. डावे-उजवे उलटते. जाणती मंडळी म्हणूनच मागून दिसणारा वेगळा नकाशा काढतात आणि त्यावर 'बॅक व्ह्यू' असे ठळक लिहितात.